घरचा कॉम्प्युटर बदलायचाय: विंडोज, मॅक की लिनक्स? गोव्याच्या हवेत काय टिकतं?

आबोली_फोंडा

नमस्कार मंडळी. घरात एकच डेस्कटॉप आहे, २०१४ चा, इंटेल आय५ चौथ्या जनरेशनचा. विंडोज १० वर अजून बरा चाललाय पण विंडोज ११ घेतच नाही, हा पीसी चालणार नाही म्हणून सरळ सांगतो. वापर असा की मिस्टर घरून काही दुकानांचं टॅली आणि जीएसटी बघतात, मी भजनी मंडळांची आणि नाटकांची हस्तपत्रकं, लग्नपत्रिका वगैरे करते (श्रीलिपी हे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, माझ्याकडचं विंडोजचं जुनं), आणि लेक यंदा फर्मागुडीला इंजिनिअरिंगला लागलीय, मेकॅनिकल. भाऊ पुण्याला असतो तो म्हणतो डोळे मिटून मॅक घे, आठ-दहा वर्षं बघायला नको. शेजारचा मुलगा म्हणतो सुटे भाग आणून असेंबल करूया, अर्ध्या पैशात होईल. बजेट सगळं मिळून ८० हजार, त्यातच यूपीएस पण आला कारण जुन्याची बॅटरी गेलीय आणि आमच्या वाड्यावर पावसात लाईट किती वेळा जाते ते तुम्हाला सांगायला नको. दोन्ही वापरलेलं कुणी आहे का इथं? यूट्यूब बघून डोकं फिरलंय.

टर्मिनल_भट

जुन्या मशीनमध्ये एसएसडी (वेगवान डिस्क) घाला, विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टीम टाका, खर्च तीन-चार हजार. ८० हजार बँकेत ठेवा.

खाणीवरचा_दादू

आला भट. अरे ताईंनी टॅली लिहिलंय, श्रीलिपी लिहिलंय, लेक मेकॅनिकलला आहे लिहिलंय, तू वाचतोस तरी का रे? टॅली लिनक्सवर सरळ चालत नाही, वाईन (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) घालून कुणी चालवतात पण ३१ मार्चच्या रात्री ते बसलं तर मिस्टर तुझ्या घरी येऊन बसतील.

ताई, असेंबलच करा. रायझन ५ चा ग्राफिक्सवाला प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५०० जीबी एसएसडी, चांगला एसएमपीएस (आतला वीज पुरवणारा डबा). काही गेलं तर तेवढाच पार्ट बदलायचा. मॅकमध्ये रॅम गेली म्हणजे बोर्डच गेला.

सुंगटांचें_हुमण

मी कांदोळीला असते, डिझाईनचं काम, दोन्ही वापरलंय म्हणून बोलते. मॅक महाग हे आता अर्धंच खरं आहे. मॅक मिनी एम४ (ॲपलच्या स्वतःच्या चिपचा छोटा डबा, मॉनिटर वेगळा) आली तेव्हा १६ जीबी रॅम आणि २५६ जीबीचं मॉडेल ५९,९०० ला होतं, विद्यार्थ्यांना ४९,९०० ला. तुमची लेक कॉलेजात आहे म्हणजे ती सवलत तुम्हाला लागू. मॉनिटर तुमच्याकडं असणारच. एवढ्या पैशात एवढा वेग, पंख्याचा आवाज नाही, वीज नगण्य, असा दुसरा डबा मला दाखवा. आणि लॅपटॉपच घ्यायचा तर मॅकबुक एअरला पंखाच नाही, त्यामुळं समुद्रावरची खारी हवा आत ओढली जात नाही. आमच्याकडं याचा फरक पडतो. माझ्या आधीच्या लॅपटॉपचा पंखा दर वर्षी गंजून घरघरायचा, कंपनीचं नाव घेत नाही.

खाणीवरचा_दादू

५९,९०० मध्ये २५६ जीबी. ५१२ हवी तर तेव्हा ७९,९००. म्हणजे २५६ जीबीला वीस हजार! बाजारात तेवढी एसएसडी याच्या निम्म्याहून कमीत मिळते, भाव चढलेले धरून सुद्धा.

सुंगटांचें_हुमण

ते लुटणंच आहे, मान्य. मी २५६ च घेतली आणि बाहेर एक्स्टर्नल लावली. ॲपलकडं स्टोरेज कधीच विकत घ्यायचं नाही हा नियम.

डिचोलीकर_नाना

हा वाद मी गेली पस्तीसेक वर्षं ऐकतोय, फक्त माणसं बदलतात. थोडं मागचं सांगतो, त्यातच खर्चाचं उत्तर आहे.

आयबीएमनं ऑगस्ट १९८१ मध्ये पीसी काढला, किंमत १,५६५ डॉलरपासून. घाई होती म्हणून प्रोसेसर इंटेलचा घेतला, डॉस ही सिस्टीम मायक्रोसॉफ्टची, बाकीचे सुटे भागही बाजारात मिळणारे. स्वतःचं म्हणावं असं त्यात होतं ते मुख्यतः बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्राम. कॉम्पॅकनं तो कोड न बघता, फक्त तो काय काम करतो ते कागदावर उतरवून स्वतःचा बायोस लिहिला आणि कायद्यानं कुणी काही करू शकलं नाही. मग सगळेच तसे पीसी बनवायला लागले आणि भाव कोसळले. आज दादू जो सुटा पार्ट बदला म्हणतोय ना, तो त्या घाईचा प्रसाद. ॲपलनं जानेवारी १९८४ मध्ये मॅकिंटॉश काढला २,४९५ डॉलरला, सगळं स्वतःच्या हातात ठेवून. मध्ये १९९५ च्या सुमारास त्यांनीही दुसऱ्या कंपन्यांना मॅकसारखी मशीनं बनवायचे परवाने दिले, १९९७ ला जॉब्स परत आले आणि त्यांनी ते बंद करून टाकलं. म्हणजे एका बाजूला दहा कंपन्यांच्या स्पर्धेनं किंमत खाली आणि दर्जा वरखाली, दुसऱ्या बाजूला एकाच कंपनीचा दर्जा आणि एकाच कंपनीचा भाव. चाळीस वर्षं झाली, मूळ चित्र हेच आहे.

आमच्या इथं पर्रीकरांच्या काळात सायबरएज योजनेतून अकरावीच्या मुलांना कॉम्प्युटर मिळाले होते, आठवत असेल बऱ्याच जणांना. घरात पहिला कॉम्प्युटर तोच आला अशी कितीतरी घरं गोव्यात आहेत. ते डबे पुढं कितीतरी वर्षं चालले ते खोलून दुरुस्त करता येत होते म्हणून.

पुण्यातला_गोंयकार

नाना, गंमत म्हणजे त्याच आयबीएमनं पुढं आपल्या नोकरांना मॅक दिले आणि २०१६ मध्ये जाहीर सांगितलं की चार वर्षांत एका मॅकमागं २७३ ते ५४३ डॉलर वाचतात. त्याच्या आदल्या वर्षी म्हणाले होते की मॅकवाले ५ टक्केच लोक हेल्पडेस्कला फोन करतात, पीसीवाले ४० टक्के. हे मॅकच्या सेल्समननं सांगितलेलं नाही, पीसी बनवणाऱ्या कंपनीनं सांगितलंय. ताईंचा भाऊ चुकीचं सांगत नाही.

खाणीवरचा_दादू

तेव्हा आयबीएम पीसी बनवत होती कुठं? २००५ लाच लेनोव्होला धंदा विकला.

आणि तो आकडा नीट बघ. तिथं मॅक कुणी मागितले? ज्यांना आधीपासून येत होता त्यांनी. ते कशाला फोन करतील. शिवाय अमेरिकेत हेल्पडेस्कच्या माणसाचा तासाचा पगार केवढा, तो वाचला म्हणून डॉलर वाचले. फोंड्यात कॉम्प्युटर अडला तर वाड्यावरचा पोरगा येतो, चहा पितो आणि दोनशे रुपये नेतो. तो हिशोब इथं कसा लागू होईल?

पुण्यातला_गोंयकार

दोनशेत येणारा पोरगा पायरेटेड विंडोज टाकून जातो ते पण सांग की.

खाणीवरचा_दादू

😀 ते मात्र आहे.

रिपेरवाला_म्हापसा

मी रोज ही मशीनं खोलतो त्यामुळं कंपनीपेक्षा रोग सांगतो, मग तुम्ही ठरवा.

गोव्यात मशीन तीन गोष्टींनी मरतं, लाईट, दमट हवा आणि बिजागरी. लाईट म्हणजे नुसती जाणं नाही, येताना जो झटका येतो तो. मे-जूनमध्ये आणि परत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गडगडाट होतो तेव्हा माझ्याकडं टेबलावर जागा नसते. लोक प्लग काढतात आणि इंटरनेटची केबल तशीच ठेवतात, तांब्याची वायर असेल तर त्यातून वीज येऊन लॅन पोर्ट जळतो, कधी राउटर आणि बोर्ड दोन्ही. त्याला मॅक काय आणि असेंबल काय, सगळे सारखेच.

दमट हवेचं असं की पावसाळ्यात चार महिने पडून राहिलेलं मशीन रोज चालणाऱ्यापेक्षा जास्त वाया जातं. चालू मशीन गरम असतं, आतला ओलावा सुकतो. बाहेरगावच्या लोकांचे बंद फ्लॅट आहेत ना समुद्राजवळ, गणपतीनंतर उघडतात आणि मला फोन करतात. आत बघावं तर रॅमचे दात काळे पडलेले, यूएसबी पोर्टात हिरवं धरलेलं, एसएमपीएसमध्ये पालीनं संसार थाटलेला. डेस्कटॉप असेल तर रॅम काढून खोडरबरानं दात पुसायचे, आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं बोर्ड धुवायचा, बऱ्याचदा उठतो. हेच रॅम सोल्डर केलेल्या पातळ लॅपटॉपचं असेल, मग तो कुठल्याही कंपनीचा असो, तर बोर्ड काढून खाली गरम हवा देत बसावं लागतं आणि गिऱ्हाईकाला सांगावं लागतं की गॅरंटी नाही.

बिजागरी स्वस्त लॅपटॉपची. ३५-४० हजारवाल्यात पितळेची नटं प्लास्टिकमध्ये बसवलेली असतात, दोन वर्षांत प्लास्टिक फाटतं आणि झाकण उघडताना स्क्रीनच वर येते. मॅकला आणि ऑफिसवाल्या लॅपटॉपांना, म्हणजे थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक यांना, हा त्रास फार कमी. मॅक माझ्याकडं कमी येतात, खरंय, पण येतात तेव्हा बिल मोठं असतं. त्यावर पाणी-चहा सांडला तर वॉरंटीत बसत नाही, आणि एसएसडी बोर्डावरच असल्यामुळं बोर्ड मेला की फोटो पण मेले. बॅकअप नसलेला मॅकवाला माझ्यासमोर रडलेला मी बघितलाय.

सुंगटांचें_हुमण

बॅकअप तर सगळ्यांनीच घ्यायला हवा ना. टाइम मशीनला (मॅकमधली बॅकअपची सोय) एक डिस्क लावून ठेवायची, बाकी काही करायचं नाही.

टर्मिनल_भट

हार्ड डिस्क अमर नसते ते पण सांगा. बॅकब्लेझ ही कंपनी लाखो डिस्क चालवते आणि आकडे छापते, २०२४ मध्ये त्यांच्या १.५७ टक्के डिस्क वर्षभरात गेल्या. तेही एसीच्या थंड खोलीत. म्हणून डिस्क दोन.

रिपेरवाला_म्हापसा

बरोबर. आणि त्यातली एक घराबाहेर.

पुण्यातला_गोंयकार

किती वर्षं अपडेट मिळतात हा पण खर्चच आहे. एम१ (ॲपलच्या स्वतःच्या चिपचा) मॅक नोव्हेंबर २०२० चा, त्याला टाहो, म्हणजे मॅकची २०२५ ची सिस्टीम, सुद्धा मिळालं.

खाणीवरचा_दादू

आणि २०२० च्याच मार्चमध्ये लोकांनी नव्वदेक हजार देऊन जो इंटेलवाला एअर घेतला त्याला? टाहो नाही. पाच वर्षांत बाहेर. इंटेलच्या ज्या मोजक्या मॅकना टाहो मिळालं त्यांचंही ते शेवटचं, ॲपलनंच सांगितलंय. इकडं २०१८ चा आठव्या जनरेशनचा थिंकपॅड टी४८० विंडोज ११ वर कायदेशीर चाललाय.

डिचोलीकर_नाना

मायक्रोसॉफ्टनं पण काय कमी केलं? २०१७ चा सातव्या जनरेशनचा चांगला धडधाकट पीसी, टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची चिप) असलेला सुद्धा, २०२१ ला विंडोज ११ आलं तेव्हा चार वर्षांतच नापास. दोघंही सारखेच, आपली गरज बघून ठरवायचं.

आणि विश्वासाचं म्हणाल तर कुणीच धुतल्या तांदळाचा नाही. मॅकबुकचा तो फुलपाखरू कीबोर्ड, २०१५ ते २०१९ पर्यंत, धुळीच्या कणानं बटण अडकायचं, शेवटी ५ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. इंटेलचे तेराव्या-चौदाव्या जनरेशनचे डेस्कटॉप प्रोसेसर जास्त व्होल्टेज ओढून बिघडायला लागले, २०२४ च्या ऑगस्टमध्ये दुरुस्तीचा मायक्रोकोड काढला (तो बायोस अपडेटमधून येतो) आणि वॉरंटी दोन वर्षं वाढवली. आणि १९ जुलै २०२४, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका अपडेटनं ८५ लाख विंडोज मशीनं निळा स्क्रीन येऊन बंद पडली, आपल्याकडं विमानतळावर बोर्डिंग पास हातानं लिहून दिले. आता त्यात विंडोजचा दोष किती आणि क्राउडस्ट्राइकचा किती यावर वेगळा धागा काढा.

खाणीवरचा_दादू

जुना तेरावा-चौदावा इंटेल कुणी स्वस्तात देत असेल तर बायोस अपडेट केलंय का विचारा. नाहीतर नकोच.

आबोली_फोंडा

बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी. सगळं वाचलं. मला थोडक्यात सांगा, मॅकवर टॅली आणि सॉलिडवर्क्स (मेकॅनिकलच्या डिझाईनचं सॉफ्टवेअर) चालतं का? लेकीचे सीनियर म्हणतात दुसऱ्या वर्षापासून सॉलिडवर्क्स लागेल.

सुंगटांचें_हुमण

सरळ नाही चालत. दोन्ही विंडोजची आहेत. पॅरलल्स हे सॉफ्टवेअर घालून मॅकमध्येच विंडोज ११ चं एआरएम (ॲपलच्या चिपला चालणारं) व्हर्जन चालवता येतं, पण पॅरलल्सचे पैसे वेगळे, विंडोजचे वेगळे, आणि जीएसटीला लागणाऱ्या डीएससीच्या (डिजिटल सहीच्या) यूएसबी टोकनचा ड्रायव्हर तिथं चालेलच असं मी छातीठोक सांगणार नाही. एवढं ऐकल्यावर तुमच्या घरासाठी मी स्वतः मॅक नको म्हणेन. तुम्ही एकट्या असता तर गोष्ट वेगळी, तरी श्रीलिपीचं काय करायचं हा प्रश्न राहतोच.

पुण्यातला_गोंयकार

मिस्टरांच्या दुकानांपैकी सगळे प्रोप्रायटर असतील तर जीएसटीला टोकन लागतच नाही, ओटीपीवर ईव्हीसी (पडताळणी) होतं. कंपनी किंवा एलएलपी असेल तर डीएससी लागतंच.

आबोली_फोंडा

एक प्रायव्हेट लिमिटेड आहे. म्हणजे लागतंच.

टर्मिनल_भट

एवढं झाल्यावर पण मी बोलणार. केरळच्या सरकारी शाळा गेली कित्येक वर्षं लिनक्सवर आहेत, स्वतःचं व्हर्जन काढलंय त्यांनी. मराठी टायपिंगला इनस्क्रिप्ट कीबोर्ड तिन्हीकडं असतो, फुकट. अडचण लिनक्सची नाहीच, टॅली आणि श्रीलिपीनं बांधून ठेवलंय. जुन्या फाँटातल्या फायली दुसरीकडं उघडल्या की नुसत्या खुणा दिसतात. ताई, नव्या पत्रिका तरी युनिकोडमध्ये (सगळीकडं उघडणाऱ्या अक्षरांत) करा, दहा वर्षांनी आभार मानाल.

आबोली_फोंडा

नव्या युनिकोडमध्येच करते हो आता. पण मंडळवाले येतात आणि म्हणतात मागच्या वर्षीचीच फाईल काढा, फक्त तारीख बदला. ती श्रीलिपीत. आणि अक्षराचं वळण पण तेच पाहिजे असतं त्यांना, "उत्सव" मधला त्स जरा वेगळा दिसला की फोन येतो.

रिपेरवाला_म्हापसा

मग ताई ऐका, माझं मत. जुना डेस्कटॉप फेकू नका. त्याचं इंटरनेट काढा, एक छोटी एसएसडी घाला आणि श्रीलिपीपुरताच ठेवा. नेटच नाही तर विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले त्याचं फारसं काही नाही, पण पेनड्राइव्ह स्कॅन केल्याशिवाय लावायचा नाही, पत्रिकेचं मॅटर घेऊन येणाऱ्यांच्या पेनड्राइव्हमध्ये काय असतं ते देवालाच ठाऊक. नेट लावायचंच असेल तर मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं साइन इन करून जादा अपडेट घेता येतात, ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच.

मिस्टरांना ऑफिसमधून निघालेला रिफर्बिश्ड छोटा डबा बघा, ऑप्टिप्लेक्स मायक्रो किंवा थिंकसेंटर टायनी, आठव्या जनरेशनचा किंवा त्यापुढचा. टॅलीला यापेक्षा जास्त काही लागत नाही. घेताना बिल घ्या, बायोसला पासवर्ड नाही ना बघा, आणि क्रिस्टलडिस्कइन्फो टाकून एसएसडीची तब्येत बघा. उरलेले पैसे लेकीच्या लॅपटॉपला.

खाणीवरचा_दादू

असेंबलचं मीच सांगितलं होतं पण आत्ता रॅमचे भाव बघून मी पण गप्प. एआयच्या डेटा सेंटरांनी सगळी मेमरी उचललीय, मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रूशियल ब्रँडच गुंडाळतोय म्हणून सांगितलं. रिफर्बिश्डमध्ये रॅम आत बसूनच येते, या वर्षी तोच शहाणपणा.

लेकीचा लॅपटॉप घाईनं घेऊ नका. सॉलिडवर्क्स दुसऱ्या वर्षाला लागणार तर दुसऱ्या वर्षालाच घ्या, तोपर्यंत मिस्टरांच्या डब्यावर भागवा. घेताना रॅमचा एक तरी स्लॉट मोकळा असलेला.

आबोली_फोंडा

हे पटलं. भावाला समजवावं लागेल 😀 आता यूपीएसचं सांगा.

रिपेरवाला_म्हापसा

६०० व्हीएवाला बास, त्यात १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी असते. कागदावर ८४ वॅट-तास, हातात निम्मेच धरा. जुना मोठा डेस्कटॉप आणि मॉनिटर मिळून ९० वॅट खातील तर वीस-पंचवीस मिनिटं. छोटा डबा आणि एलईडी मॉनिटर ३५ वॅटच्या आसपास, तासभर निघतो. बघा, इथं छोट्या मशीनचा खरा फायदा. प्रिंटर यूपीएसवर लावायचा नाही, लेझर तर मुळीच नाही. राउटर लावा.

पण आधी अर्थिंग तपासा. तुमचं घर चिऱ्याचं असेल आणि खाली जांभा असेल तर उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडतो आणि अर्थ नावापुरती राहते. इलेक्ट्रिशियनला न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजायला सांगा, दोन-तीनच्या वर गेलं तर खड्ड्यात मीठ-कोळसा घालून पाणी सोडायचं, नाहीतर नवीन खड्डा. यूपीएस कितीही भारी घेतला आणि अर्थ नसली तर झटका मशीनमध्येच जाणार.

आबोली_फोंडा

घर चिऱ्याचंच आहे. उद्याच बोलावते. देव बरें करूं. जुन्या यूपीएसची बॅटरी कचऱ्यात टाकायची का?

खाणीवरचा_दादू

नको नको, आत शिसं असतं. नवीन घेताना दुकानदाराला द्या, तो वजनावर पैसे कापून देतो. नाही कापले तर भांडा.